कुत्र्यांचा पेटारा



मीं पस्तीस वर्षें प्राथमिक शाळेंत भूगोल शिकविला. टुंड्रा प्रदेशाचा धडा आला कीं फळ्यावर एक बिनचाकी घसरगाडी काढावयाची, तिच्यापुढें सहा कुत्रे जोडावयाचे, आणि "येथील लोक कुत्र्यांच्या गाडींतून प्रवास करतात" हें वाक्य मुलांकडून म्हणवून घ्यावयाचें, हा माझा दर वर्षींचा शिरस्ता. सेवानिवृत्तीनंतर माझी मुलगी व जावई राहतात त्या अलास्कांतील फेअरबँक्स शहरीं एक हिवाळा काढण्याचा योग आला, आणि पहिल्याच आठवड्यांत हा धडा माझ्या डोळ्यांदेखत उलटा झाला. शेजारच्या अंगणांतून एक ट्रक बाहेर पडला. त्याच्या हौद्यावर कबुतरखान्यासारखा एक भला मोठा लांकडी पेटारा. त्याला दोहों बाजूंनीं लहान लहान दारें. आणि दाराच्या झरोक्यांतून एकेक काळें, ओलें नाक बाहेर आलेलें. छपरावर दोन घसरगाड्या बांधलेल्या. म्हणजे येथें कुत्रे गाडी ओढीत नव्हते; गाडीच कुत्र्यांना व त्यांच्या घसरगाड्यांना घेऊन चालली होती!

थोडा विचार केला तेव्हां यांत विपरीत असें कांहीं दिसलें नाहीं. १९२५ सालीं त्याच प्रदेशाच्या पश्चिम किनाऱ्यावर, नोम गांवीं, घटसर्पाची साथ उद्भवली. घटसर्पावरचें प्रतिविष औषध आगगाडीनें नेनाना स्टेशनापर्यंत आलें, आणि तेथून पुढें ६७४ मैल तें वीस गाडीवानांनीं व सुमारें दीडशें कुत्र्यांनीं हातोहात साडेपांच दिवसांत पोंचविलें. तो काळ गेला. पुढें विमानें आलीं, १९६० नंतरच्या वर्षांत बर्फावर धांवणाऱ्या यांत्रिक गाड्या घरोघरीं झाल्या, आणि ओझें वाहण्याच्या कामांतून कुत्रा सुटला. उरला तो खेळ. १९७२ सालीं कुत्र्यांच्या घसरगाडीला अलास्काचा राज्यक्रीडाप्रकार म्हणून मान मिळाला. १९७३ सालीं अँकरेजपासून नोमपर्यंतची पहिली मोठी शर्यत झाली. आतां कुत्रे राहतात एका गांवीं आणि शर्यत असते शेंकडों किलोमीटर दूर दुसऱ्या गांवीं. मधली वाट त्यांना मोटारीनेंच कापावी लागते. शर्यतीच्या मार्गावरील थंडी, वादळें, गोठलेल्या नद्या यांविषयीं वर्तमानपत्रांतून पुष्कळ येतें. ज्या पेटाऱ्यांतून ते कुत्रे त्या मार्गापर्यंत येतात त्याच्याविषयीं फारसें कोणी बोलत नाहीं. आज मी त्या पेटाऱ्याविषयीं बोलणार आहें. तिकडे त्याला 'डॉग बॉक्स' म्हणतात. मी पेटारा म्हणेन, आणि त्यांतील एकेका कुत्र्याच्या जागेला खण.

माझ्या गुरु म्हणजे त्या शेजारीणबाई. वय सत्तरीच्या घरांत, पदरीं बावीस कुत्रे. माझ्या मुलीनें त्यांना 'मास्तर' हा शब्द शिकवून ठेवला होता, आणि त्या तो मोठ्या कौतुकानें उच्चारीत. माझें इंग्रजी शाळेपुरतें, त्यांचें बोलणें तोंडांतल्या तोंडांत. परंतु पान्याची व बोटांची भाषा सर्वत्र एकच असते, त्यामुळें आमचें अडलें नाहीं. फेब्रुवारी महिन्यांत त्यांना विलो गांवच्या एका लहानशा शर्यतीला जावयाचें होतें. अंतर साडेचारशें किलोमीटरांहून अधिक. निघण्याच्या दोन दिवस आधीं त्यांनीं पेटाऱ्याची तपासणी आरंभिली व मला हाताशीं घेतलें. आरंभींच त्या म्हणाल्या, "मास्तर, हें खोकें ड्रायव्हरच्या बाजूनें पाहूं नका, कुत्र्याच्या बाजूनें पाहा." आणि एवढें बोलून त्यांनीं खालच्या ओळींतील एका खणांत डोकें व खांदे घातले, ते पांच मिनिटें बाहेर काढलेच नाहींत.

मला प्रथम हसूं आलें. मागाहून त्यांतलें मर्म कळलें. ड्रायव्हर उबदार केबिनींत बसतो. इंजिनाचा आवाज बदलला कीं त्याला कळतें, वास आला तर कळतें, थंडी वाजली तर कळ फिरवितां येते. मागें दोन हातांवर सोळा जीव अंधारांत बसलेले असतात. त्यांना कांहीं झालें तर त्यांनीं सांगावें कोणाला? भुंकणें ऐकूं येत नाहीं, आणि ज्या कारणानें भुंकणें थांबतें तें कारण तर मुळींच ऐकूं येत नाहीं. म्हणून जें पाहावयाचें तें निघण्यापूर्वीं.

आधीं पेटाऱ्याची रचना सांगतों. बाईंचा पेटारा बाहेरच्या पाण्यापावसांत टिकणाऱ्या प्लायवूडचा. कांहीं लोक ॲल्युमिनियमचा किंवा फायबरग्लासचाही करवितात. एका बाजूला दोन ओळी, ओळींत चार खण. दोन्ही बाजू मिळून सोळा. मधोमध एक चिंचोळी जागा, तींत कुत्र्यांचे पट्टे, दोर, खाण्याचीं भांडीं. एकेक खण सुमारें दोन फूट रुंद, त्याहून थोडा अधिक उंच आणि तीन फूट खोल. कुत्र्याला आंत उभें राहतां यावें, वळतां यावें, शेपटी नाकावर घेऊन वेटोळें करून निजतां यावें, एवढी ही जागा. मीं विचारलें, "एवढी कोंदट कां?" तर उत्तर आलें कीं खण मोठा केला कीं कुत्र्याच्या अंगाची ऊब त्याला पुरत नाहीं, आणि ब्रेक लागला म्हणजे कुत्रा भिंतीवर आदळतो. माणसाच्या दृष्टीनें जें कोंदट तें त्याच्या दृष्टीनें घरटें.

आतां वजन. हे कुत्रे दिसावयास लांडग्यासारखे, पण वजनानें बेताचे; सरासरी बावीस किलो धरा. सोळांचे झाले साडेतीनशें. पेटारा रिकामा सुद्धां अडीचशें किलोंच्या आसपास असल्याचें बाईंनीं सांगितलें. त्यावर दोन घसरगाड्या, गोठविलेलें मांस, कोरडें खाद्य, पेंढ्याचे भारे, पाण्याचे डबे. ट्रकनें किती ओझें वाहावें हें ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील पट्टींत छापलेलें असतें; परंतु तें वाचतो कोण? बाई सर्व भरून एकदां वजनकाट्यावर जाऊन आल्या होत्या व तो आंकडा त्यांनीं केबिनींत लिहून ठेविला होता. केवळ एकूण वजन पाहून भागत नाहीं. पेटारा उंच, त्यावर घसरगाड्या, त्यामुळें गुरुत्वमध्य वर जातो, आणि निसरड्या वळणावर ट्रक कलंडण्याचें भय वाढतें. म्हणून जड सामान तळाशीं व पुढच्या चाकांच्या बाजूस, हलकें वर. थोराड कुत्रे खालच्या ओळींत, चिमखडे वरच्या. आपल्याकडे उंसाची गाडी भरणाऱ्यास हें शिकवावें लागत नाहीं.

पेटारा हौद्याला कसा धरिला आहे हें त्यानंतर. नुसत्या पत्र्याला स्क्रू मारून भागत नाहीं, कारण जोराचा धक्का बसला कीं पत्रा फाटतो. बोल्ट हौद्यांतून आरपार जाऊन खालच्या चासीच्या आडव्या तुळयांना मिळाले पाहिजेत, आणि त्यांच्या बुडाशीं रुंद लोखंडी पट्ट्या पाहिजेत. तिकडच्या रस्त्यांचा एक विशेष असा कीं जमिनींतलें पाणी गोठून फुगतें व डांबरी रस्ता जागोजाग उचलला जातो. सपाट दिसणाऱ्या रस्त्यावर एकाएकीं लाटा लागतात. अशा शंभर लाटांनंतर कोणता नट सैल होणार नाहीं? बाईंची युक्ति मला फार आवडली. नट आवळून झाला कीं त्या नटावरून बोल्टावर पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ ओढीत. नट किंचित् जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. मग पाना घेऊन प्रत्येकाशीं झटापट नको. कंदील घेऊन नुसतें खालीं वाकून पाहिलें कीं पुरे. शाळेच्या बाकांवर ही युक्ति मला तीस वर्षांपूर्वीं सुचली असती तर फार बरें झालें असतें.

दारांविषयीं थोडें सविस्तर सांगितलें पाहिजे. दाराची बिजागरी ट्रकच्या पुढच्या तोंडाकडील कडेला असावी, मागील कडेला नसावी. यांतलें कारण साधें आहे. ट्रक वेगानें जात असतांना समोरून येणारा वारा दाराला मागें रेटतो. बिजागरी पुढें असली तर कडी निसटली तरी वारा दार मिटलेलें ठेवतो; बिजागरी मागें असली तर तोच वारा दार सताड उघडतो. बिजागऱ्यांना स्क्रू नकोत, आरपार बोल्ट हवेत. आंतून अंगाचा भार टाकणाऱ्या कुत्र्यापुढें प्लायवुडांतील स्क्रूचा टिकाव लागत नाहीं.

कड्या प्रत्येक दाराला दोन. पहिली स्प्रिंगची, आपोआप बसणारी. दुसरी साध्या कोयंड्याची, त्यांत खिटी घालावयाची. ही दुसरी कडी बाईंनीं एका प्रसंगानंतर बसविली. पूर्वीं त्यांचें एकाच कडीवर भागत असे. एके रात्रीं घरीं येऊन दारें उघडूं लागल्या तो वरच्या ओळींतील एक दार आधींच उघडें. आंत पेंढा तेवढा होता. तसेंच मागें फिरून त्यांनीं व त्यांच्या यजमानांनीं रस्त्याच्या दोन्ही कडा पहांटेपर्यंत धुंडाळल्या. कुत्री तिसऱ्या दिवशीं एका शेतकऱ्याच्या गोठ्यांत सांपडली, एक पाय मोडलेली. "ती सांपडली म्हणून मी हें सांगूं शकतें," एवढेंच त्या म्हणाल्या.

परंतु कडी उघडूं नये एवढें पाहून काम संपत नाहीं. वेळ आली तर ती उघडली पाहिजे. उणें तीस अंशांत कुत्र्यांच्या श्वासाची वाफ कडीवर गोठून तिचा दगड होतो. तेल वा ग्रीस लावावें तर तेंही थंडींत घट्ट होऊन बसतें. म्हणून कड्यांना ग्राफाइटची कोरडी पूड. गोठलेल्या कडीवर कढत पाणी ओतण्याचा मोह कोणास झाला तर तो आवरावा, कारण तेंच पाणी क्षणांत गोठून कडी अधिकच धरून ठेवतें. कुलुपें लावावयाचींच तर सर्वांना एकच किल्ली असावी, आणि ती केबिनींत अशा ठिकाणीं टांगलेली असावी कीं परक्या माणसालाही दिसावी. अपघात झाला तर दारें उघडणारा माणूस बहुधा परकाच असतो.

आतां हवेकडे वळतों. या एकाच बाबीवर बाईंनीं एक सबंध संध्याकाळ घालविली.

पेटाऱ्याला भोंकें हवींत कीं नकोत? हवींत. सोळा कुत्रे श्वास घेतात, धापा टाकतात. त्यांच्या श्वासांतील बाष्प आंत कोंडलें तर तें छताला व भिंतींना चिकटून गोठतें, पुढें वितळून पेंढ्यावर ठिबकतें, आणि ओला कुत्रा थंडीपुढें हरतो. कोरड्या कुत्र्याला उणें तीसचें भय वाटत नाहीं, ओल्याला उणें पांचसुद्धां फार होतें. तेव्हां प्रत्येक दाराला झरोका हवा, तो बर्फानें वा चिखलानें बुजला नाहीं ना हें प्रत्येक थांब्यावर पाहिलें पाहिजे. झरोक्याच्या पट्ट्या इतक्याच अंतरावर असाव्यात कीं नाक बाहेर यावें, डोकें येऊं नये.

आणि भोंकें नकोतही. तळाला नकोत, मागच्या भिंतीला नकोत. कारण खालीं सायलेन्सरची नळी आहे. मोटारीच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु असतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील जें द्रव्य प्राणवायु वाहून नेतें, त्याला हा वायु प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक ओढीनें चिकटतो. मग छातीचा भाता चालूच राहतो, पण प्राणवायु शरीराला पोंचत नाहीं. श्रोत्यांपैकीं ज्यांनीं हिंवाळ्यांत बंद खोलींत शेगडी ठेवून निजलेल्या माणसांची हकीकत ऐकली असेल त्यांना हा शत्रु ठाऊक आहे. यांत आणखी एक गोम अशी कीं पेटाऱ्यासारखी चौकोनी उंच वस्तु वेगानें पुढें गेली कीं तिच्या पाठीमागें हवेचा दाब कमी होतो, व मागें सुटलेला धूर परत फिरून तिच्या पाठीला येऊन बिलगतो. मागच्या भिंतींत बोटभर फट असली तरी तो आंत शिरतो.

धांवत्या ट्रकपेक्षां उभा ट्रक अधिक घातकी, हें मात्र माझ्या ध्यानांत आलें नसतें. कडाक्याच्या थंडींत इंजिन एकदां बंद पडलें तर पुन्हां सुरू होईल याची शाश्वति नसते, म्हणून लोक जेवावयास थांबले तरी तें चालूच ठेवतात. बाईंच्या एका जुन्या स्नेह्यानें असाच ट्रक उभा केला, मागचा भाग बर्फाच्या ढिगाऱ्याला टेकवून. नळीचें तोंड बर्फांत, धुराला वाट नाहीं. तासाभरानें तो परतला तेव्हां खालच्या ओळींतील मागचे दोन कुत्रे हांक मारल्यावर उठले नाहींत. एकाला उघड्या हवेंत घेतल्यावर धुगधुगी आली व पुढें पशुवैद्यानें प्राणवायु दिल्यावर तो वांचला. दुसरा वांचला नाहीं. बाकीचे चौदा कुत्रे धडधाकट होते, हें विशेष. कारण फट होती ती त्या दोन खणांखालींच, दिव्याच्या तारेसाठीं कोणीं तरी पाडलेलें एक भोंक, रुपयाएवढें.

म्हणून बाईंची परीक्षा अशी. पहिली नळीची. इंजिन चालू करून ओल्या फडक्याची घडी नळीच्या तोंडावर क्षणभर दाबून धरावयाची. नळी अभंग असेल तर इंजिन गुदमरूं लागतें. मध्येंच कोठें चीर असेल तर तेथून फुसफुस असा आवाज येतो. हें काम उघड्यावर करावें, हातांत जाड मोजे असावेत, आणि फडकें धरून ठेवूं नये. सांध्यांपाशीं काजळीचे काळे ओघळ दिसले तर आवाज ऐकण्याचीही गरज नाहीं. सरळ वेल्डरकडे जावें. नळीचें तोंड पेटाऱ्याच्या कडेच्या बाहेर आलेलें असावें, खालीं संपलेलें नसावें. दुसरी परीक्षा तळाची. ती रात्रीं होते. सर्व दिवे मालवून ट्रकखालीं एक प्रखर दिवा ठेवावयाचा आणि खणाखणांतून डोकें घालून पाहावयाचें. जेथें उजेडाचा कण दिसेल तेथें धुराला वाट आहे. त्या रात्रीं मी गुडघे टेकून, कानटोपी सांवरीत, सोळाही खणांत डोकें घालून आलों. मला दोन तारे दिसले. एक कोपऱ्यांतला सांधा उकललेला, दुसरें जुन्या स्क्रूचें भोंक. दोन्ही तेथल्या तेथें बुजविलीं.

घरांत भिंतीला लावावयाचीं, या वायूची सूचना देणारीं यंत्रें असतात; तीं पेटाऱ्यांत कां लावूं नयेत असा मीं प्रश्न केला. तीं कडाक्याच्या थंडीसाठीं व हादऱ्यांसाठीं केलेलीं नसतात. गप्प बसलेल्या यंत्रावर विसंबण्यापेक्षां तें नसलेलें बरें, असें उत्तर मिळालें. कुत्रा उतरवितांना तो झिंगल्यासारखा चालूं लागला, ओकला, किंवा हांकेला नेहमीपेक्षां उशिरां उठला, तर थंडीनें आंखडला असेल अशी स्वतःची समजूत घालूं नये. आधीं सर्वांना बाहेर काढावें, मग विचार करावा.

खणाचें आंतलें अंग हातानें पाहावयाचें, आणि मोजा काढून. डोळ्यांना न दिसणारी फांस तळहाताला लागते. वर आलेलें स्क्रूचें टोंक, उकललेला प्लायवुडाचा पापुद्रा, पत्र्याची धारेची कड, यांवर कुत्र्याच्या पंजाची गादी एकदां फाटली कीं त्याचा हंगाम संपला. कांहीं कुत्रे दाराच्या कडा कुरतडतात. तेथें धातूची पट्टी वळवून बसवितात. जेथें तोंड लागतें तेथें विषारी रंग किंवा कीड लागूं नये म्हणून औषध पाजलेलें लांकूड वापरूं नये. कोपऱ्यांतून दाभण टोंचून पाहावें. मूत्र व पाणी मुरून लांकूड कुजलें असेल तर दाभण लोण्यांत शिरल्यासारखें शिरतें. पाणी गोठलें कीं सुमारें नऊ टक्के फुगतें, त्यामुळें जी चीर ऑक्टोबरांत केसाएवढी असते ती फेब्रुवारींत बोटाएवढी होते.

अंथरूण गव्हाच्या किंवा जवाच्या काडाचें. वाळलेलें गवत नव्हे. काडाची नळी पोकळ, म्हणून ती ऊब धरते आणि ओल धरीत नाहीं. गवत ओल शोषून कुजतें. अर्थात् काड पेटतेंही चटकन; म्हणून तारा नळींतून घेतलेल्या असाव्या आणि आग विझविण्याचा पंप हाताशीं असावा, इतकें सांगून पुढें जातों.

दर चार-पांच तासांनीं कुत्र्यांना खालीं उतरवावें लागतें. ट्रकच्या सभोंवार कड्या असतात, त्यांना आंखूड साखळ्या. साखळी इतकीच लांब कीं कुत्र्याला उभें राहतां, बसतां यावें, पण शेजाऱ्याचा कान धरतां येऊं नये व ट्रकखालीं शिरतां येऊं नये. साखळीचे आंकडे पितळेचे घेतात. लोखंडाचे गंजतात आणि गोठून अडकतात. आंकड्याची स्प्रिंग, साखळीचा शेवटचा दुवा आणि कडीचें मूळ या तीन जागा झिजतात, तेवढ्या पाहाव्या. आणि कुत्रे पुन्हां चढविले कीं ट्रकला एक पूर्ण प्रदक्षिणा. साखळीला बांधलेला एक कुत्रा विसरून ट्रक हलविला तर काय होईल हें मी बोलत नाहीं.

येथें मात्र माझ्या विद्येचा उपयोग झाला. मीं त्यांना हजेरीपत्रक करून दिलें. कोणता कुत्रा कोणत्या खणांत, हें एका पुठ्ठ्यावर लिहून केबिनींत लटकावलें, आणि दर वेळीं चढतांना नांव उच्चारून खूण करावयाची. सहलीला गेलेलीं चाळीस पोरें ज्यानें पस्तीस वर्षें मोजून परत आणलीं त्याला सोळा कुत्रे जड नव्हते. बाईंना हें फार पसंत पडलें.

निघालों त्या पहांटे तापमान उणें पस्तीस होतें. (उणें चाळीसला फॅरनहाइट आणि सेल्सिअस एकच आंकडा दाखवितात, हें मी मुलांना शिकवीत असें, त्या एकाच आंकड्याच्या इतक्या जवळ मी स्वतः कधीं उभा राहीन असें वाटलें नव्हतें.) बाईंनीं डावी बाजू घेतली, उजवी मला दिली. मीं आठही दारें लावलीं, हजेरी घेतली, आणि ऐटींत केबिनींत चढून बसलों. सुमारें नव्वद किलोमीटरांवर नेनाना लागलें, तेंच १९२५ चें नेनाना. पहिल्या तासाभरानंतर थांबून सर्व पाहावयाचें असा बाईंचा नियम होता, कारण नव्यानें आवळलेलें जें सैल व्हावयाचें तें पहिल्या टप्प्यांतच होतें. त्या कंदील घेऊन खालीं वाकून पिवळ्या रेघा पाहात गेल्या. मग उजव्या बाजूला आल्या आणि वरच्या ओळींतील तिसऱ्या दारापाशीं थांबल्या. स्प्रिंगची कडी बसलेली होती. कोयंड्यांतील खिटी मात्र दोरीला लोंबकळत होती, आणि नव्वद किलोमीटर आपटून आपटून तिनें रंगावर एक पांढरी चंद्रकोर कोरली होती. माझ्या हजेरीपत्रकावर त्या खणापुढें खूण होती. कुत्रा मोजला होता. खिटी मोजली नव्हती.

बाई कांहीं बोलल्या नाहींत. खिटी घातली, हातानें दार दोनदां ओढून पाहिलें, आणि मला खुणेनें जवळ बोलावून तेंच दार मलाही ओढावयास लावलें. पुढच्या थांब्यापर्यंत मीं तोंड उघडलें नाहीं. विलोला पोंचेपर्यंत पुठ्ठ्यावर मीं एक नवा रकाना आंखला होता : कुत्रा, कडी, खिटी. तीन खुणा झाल्याखेरीज ट्रक हलावयाचा नाहीं. तो पुठ्ठा अद्याप त्यांच्या केबिनींत आहे असें मुलगी कळविते.

आपल्याकडे लातूर, सोलापूर या भागांत कारवानी कुत्रे टेम्पोंतून नेतांना मीं पाहिले आहेत. आपला शत्रु थंडी नव्हे, ऊन. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाहीं. जीभ बाहेर काढून धापा टाकणें हाच त्याचा मुख्य उपाय, आणि कोंदट जागेंत तो उपाय चालत नाहीं. उभ्या वाहनांत, पत्र्याखालीं, थोड्या मिनिटांत अनर्थ होतो. झरोका दुप्पट, सांवली, पाणी, आणि दुपार टाळणें, एवढा फरक सोडला तर कड्या, बोल्ट, फांस आणि धूर यांविषयीं जें वर सांगितलें तें जसेंच्या तसें लागू आहे.

शर्यतींत बाईंचा नंबर बराच खालीं लागला; त्याची त्यांना खंत दिसली नाहीं. परतीचा प्रवास रात्रीं संपला. मी शिणून गेलों होतों, मुलगी चहा घेऊन दारांत उभी होती. बाईंनीं आधीं कुत्रे त्यांच्या घरकुलांत सोडले, प्रत्येकाचा पंजा उचलून पाहिला. मग सोळाही खणांतील ओलें काड ओढून बाहेर टाकलें, तळ खरवडून काढले, आणि सर्व दारें आंतली ओल निघून जावी म्हणून तशींच उघडीं टाकून, खिट्या दोऱ्यांना नीट लोंबत सोडून, त्या घरांत गेल्या.